नवाहोंची सृष्टिकथा आणि आमची रसिकता

गेल्या हिवाळ्यांत एका साहित्यप्रेमी मंडळाच्या बैठकीस जाण्याचा योग आम्हांस आला. अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांचें वाङ्मय हा त्या दिवशींचा विषय होता. पहिल्या वक्त्यांनीं नवाहो लोकांच्या सृष्ट्युत्पत्तिकथांचा सारांश सांगून असा निर्णय दिला कीं, हीं मानवजातीच्या बालपणांतील स्वप्नें असून त्यांचें महत्त्व फार तर संग्राहकापुरतें आहे. दुसऱ्या वक्त्या एक विदुषी होत्या. पहिल्या वक्त्यांचा अभिप्राय त्यांस रुचला नाहीं, हें योग्यच झालें; परंतु त्यांनीं त्याचें खंडन केलें तें नवाहोंच्या एका प्रार्थनेचें भाषांतर वाचून आणि 'हे लोक सौंदर्यांतून चालतात' असें सद्गदित कंठानें सांगून. ती प्रार्थना ज्या सुबक चित्राखालीं छापलेली होती तें चित्रहि सभेंत हातोहातीं फिरलें. शेवटीं अध्यक्ष म्हणाले कीं, हें सारें आपल्या 'सत्यं शिवं सुंदरम्'मध्यें पूर्वींच येऊन गेलेलें आहे. नंतर चहा झाला आणि मंडळी संतुष्ट मनानें घरोघर गेली.

आम्ही मात्र असंतुष्ट परतलों. त्या सभेंत उठून बोलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं ह्याची आम्हांस लाज वाटते, आणि तें ऋण आज ह्या लेखानें फेडीत आहों. आमच्या मतें त्या दिवशींचे तिन्ही अभिप्राय चुकीचे होते. पैकीं पहिला उर्मटपणाचा असल्यामुळें त्यांतील चूक ध्यानांत तरी येते. तिसरा आळसाचा आहे. परंतु दुसरा गोड असल्यामुळें त्याविषयीं कोणास शंकाच येत नाहीं, आणि म्हणून तोच आम्हांस सर्वांत घातक वाटतो. कसा, तें सांगतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. 'नवाहो' हें नांव परक्यांनीं दिलेलें आहे. ते स्वतःस 'दिने' म्हणजे 'माणसें' असें म्हणवितात. आज त्यांची नोंदलेली संख्या सुमारें चार लक्ष असून, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा ह्या तीन संस्थानांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारें २७,००० चौरस मैलांचा आहे. त्यांचें स्वतःचें विधिमंडळ आहे, न्यायालयें आहेत, महाविद्यालय आहे. सभेंतील सर्व वक्ते ह्या लोकांविषयीं भूतकाळांत बोलत होते. जणूं काय ते मोहेंजोदडोचे नागरिक! ज्यांच्या कथांवर आपण निकाल देत आहों ते लोक आज जिवंत आहेत आणि त्याच कथा आज आपल्या मुलांस सांगत आहेत, एवढी गोष्ट लक्षांत ठेविली असती तरी पुष्कळसा अनर्थ टळला असता.

ह्या कथा इंग्रजींत प्रथम नीट आणिल्या त्या अमेरिकन सैन्यांतील एक शस्त्रवैद्य वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनीं, आपल्या १८९७ सालच्या 'नॅव्हाहो लेजंड्स' ह्या ग्रंथांत. तत्कालीन शिष्टाचारास भिऊन त्यांनीं स्त्री-पुरुष-संबंधाचे भाग सौम्य केले. ते पुढें पॉल झोलब्रॉड यांनीं १९८४ सालीं आपल्या ग्रंथांत भरून काढिले. कथेचें एकच एक प्रमाण रूप नाहीं. कोणी खालचीं जगें धरून एकंदर चार जगें सांगतो, कोणी पांच. रंगांचा क्रमहि सांगणाऱ्यागणिक बदलतो. शिवाय ह्या कथा वाटेल तेव्हां सांगावयाच्या नसतात. हिवाळ्यांत, सर्प व अस्वलें निजलेलीं असतां, पहिल्या मेघगर्जनेच्या आंत त्या सांगावयाच्या, असा दंडक आहे. ज्या कथांस सांगण्याचा ऋतु ठरलेला आहे त्या करमणुकीच्या कथा नव्हत, हें निराळें सांगावयास नको.

आतां कथा थोडक्यांत पाहूं. अगदीं खालच्या जगांत कीटकरूपी प्राणी रहात होते. त्यांनीं व्यभिचार केला, भांडणें केलीं, म्हणून त्यांस तेथून हांकलून देण्यांत आलें. वरच्या जगांत त्यांस आश्रय मिळाला; तेथेंहि त्यांनीं तेंच केलें आणि तेथूनहि ते निघाले. पुढें पांढऱ्या मक्याच्या कणसापासून आदिपुरुष आणि पिवळ्या मक्याच्या कणसापासून आदिस्त्री निर्माण झाली. त्यांच्यांतून वारा वाहिला आणि त्यांस प्राण मिळाला. आपल्या बोटांच्या टोकांवर जीं वलयें दिसतात तीं त्या वाऱ्याच्या वाटेच्या खुणा होत. आमच्या विदुषी वक्त्या येथपर्यंत येऊन थांबल्या. कल्पना मनोहर आहे हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु कथा तेथें थांबत नाहीं, आणि जो रसिक तेथें थांबतो त्यानें ती वाचलीच नाहीं असें आम्ही म्हणतों.

कारण पुढें काय होतें? शिकार करून आणिलेल्या मांसाचें श्रेय कोणाचें, अशा क्षुल्लक बोलण्यावरून आदिपुरुष आणि आदिस्त्री ह्यांचें भांडण जुंपतें. सर्व पुरुष नदीच्या पलीकडे निघून जातात आणि चार वर्षें दोन तीरांवर दोन निरनिराळे संसार चालतात. स्त्रियांचीं शेतें ओस पडतात. दोन्ही बाजूंस वासनांचा कोंडमारा होतो. आणि त्या विकृत काळांत जें बीज पडतें त्यांतून पुढें माणसांस खाणारे राक्षस जन्मास येतात. समेट होतो न होतो तोंच कोयोटी नांवाचा कोल्ह्याच्या जातीचा खोडकर प्राणी जलराक्षसाचें मूल चोरून आणितो, आणि त्याच्या पाठीमागें महापूर येतो. एका उंच बोरूच्या पोकळींतून चढून सर्वजण ह्या जगांत येतात. येथें तारे मांडण्याचें काम शिस्तीनें चाललें असतां तोच कोयोटी उतावीळ होऊन उरलेले तारे आकाशांत उधळून देतो. मृत्यूहि त्याच्यामुळेंच आला. पाण्यांत टाकलेली वस्तु तरंगली तर माणसें अमर व्हावयाचीं असें ठरलें असतां त्यानें दगड टाकला आणि तो बुडाला. लोक रागावले तेव्हां त्याचें उत्तर काय होतें? सर्वच जगले तर पृथ्वी अपुरी पडेल आणि मक्याच्या शेतांस जागा उरणार नाहीं! लोकांनीं विचार केला आणि त्यांस तें पटलें.

नंतर एका डोंगरावर एक बालिका सांपडते. तिचें नांव 'पालटत राहणारी स्त्री' असें आहे. ती ऋतूंप्रमाणें वृद्ध होते आणि पुनः तरुण होते. सूर्यापासून तिला जुळे पुत्र होतात: एक दैत्यहंता आणि दुसरा जलजात. ते पित्याकडे जाऊन शस्त्रें आणितात आणि राक्षसांचा संहार करितात. परंतु चार शत्रूंस दैत्यहंता जीवदान देतो. ते चार म्हणजे वार्धक्य, थंडी, दारिद्र्य आणि भूक. थंडी नसेल तर उन्हानें भूमि करपेल व झरे आटतील. कपडे जीर्ण झाले नाहींत तर नवे करण्याचा आनंद कोणी घेणार नाहीं. भूक मेली तर अन्नाची गोडीहि मरेल. प्रत्येकानें आपली बाजू मांडली आणि त्या वीरानें उगारलेलें शस्त्र खालीं घेतलें. एवढेंच नव्हे, तर राक्षसांस मारून तो स्वतःहि निर्मळ राहिला नाहीं. मारलेल्यांच्या संसर्गानें तो क्षीण झाला आणि त्याच्यावर विधि करून त्यास पुनः माणसांत आणावें लागलें. तोच विधि दुसऱ्या महायुद्धांतून घरीं परतलेल्या नवाहो सैनिकांवर करण्यांत आला. १९४२ सालीं ज्यांच्या पहिल्या २९ तरुणांनीं आपल्या मातृभाषेंतून सैन्याची गुप्त लिपि रचिली त्याच लोकांचे हे सैनिक. विजय न्याय्य असला तरी हत्येनें हात विटाळतात आणि ते धुवावे लागतात, हें ज्या समाजानें विधीच्या रूपानें सांभाळून ठेविलें त्याच्या कथेस बालपणाचें स्वप्न म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारूं, कीं प्रौढ म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीं आपल्या सैनिकांसाठीं ह्याहून शहाणपणाचें काय केलें?

हा झाला पहिल्या आक्षेपाचा परामर्श. आतां त्या गोड अभिप्रायाकडे वळूं.

नवाहो भाषेंत 'होझो' असा एक शब्द आहे. इंग्रज भाषांतरकारांनीं त्याचें 'ब्यूटी' असें भाषांतर केलें आणि त्याच वेळीं अर्ध्या अनर्थाचें बीज पेरलें. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांस सौंदर्यांतून चालणें म्हटलें कीं बायरनची एक लावण्यवती आठवते. तिचें चालणें दुरून पाहावयाचें असतें. 'होझो'चा अर्थ तो नव्हे. गॅरी विदरस्पून यांनीं १९७७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें ह्या शब्दाचा पहिला अवयव एखाद्या सुट्या वस्तूचा नसून सभोंवारच्या अवघ्या परिस्थितीचा वाचक आहे. भूमि, पाऊस, शरीर, कुटुंब, मन हीं सर्व एकमेकांशीं नीट बसलेलीं असणें, म्हणजे होझो. आरोग्य त्यांतच आलें, सलोखा त्यांतच आला, सुबत्ताहि त्यांतच आली. मराठींत ह्यास एक शब्द आम्हांस सांपडत नाहीं. 'सौंदर्य' तर नव्हेच. 'सुस्थिति' म्हटलें तर त्यांतला रसभाव जातो, 'सुसंवाद' म्हटलें तर त्यांतला मका आणि पाऊस जातो.

आणि मुख्य मुद्दा असा कीं, ही अवस्था आपोआप टिकत नाहीं. वर सांगितलेली सबंध कथा ही होझो मोडण्याची आणि पुनः जुळविण्याची कथा आहे. मोडणारा कोणी बाहेरचा सैतान नाहीं; नवऱ्याचा अहंकार आहे, बायकोचा टोमणा आहे, कोयोटीची हांव आहे. म्हणून नवाहोंचे विधि हे दुरुस्तीचे विधि आहेत. मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याचें कोठें तरी बिनसलें आहे असें समजून मंत्रगायकास बोलावितात. तो रंगीत वाळू, कोळशाची पूड, परागकण इत्यादिकांनीं जमिनीवर देवतांचें चित्र काढितो. मोठ्या चित्रास अनेक माणसांस दिवसाचा बराच भाग खपावें लागतें. नवाहो भाषेंत त्या चित्राचें नांवच 'देव जेथें येतात-जातात ती जागा' अशा अर्थाचें आहे. रोग्यास त्या चित्रावर बसवितात, चित्रांतील देवतांच्या अंगाची वाळू त्याच्या अंगास लावितात, आणि त्याच दिवशीं तें सर्व चित्र मोडून वाळू बाहेर नेऊन टाकितात.

आमचे अध्यक्ष म्हणाले असते कीं, ही तर आपली रांगोळी! साम्य आहे, नाहीं असें नाहीं; सकाळीं काढलेली रांगोळी संध्याकाळीं पुसली जाते ह्याचें दुःख आमच्या घरांतहि कोणास होत नाहीं. परंतु आम्ही रांगोळी ओलांडीत नाहीं, तिच्यावर रोगी बसवीत नाहीं, आणि ती अंगास चोळून बरें होण्याची अपेक्षाहि करीत नाहीं. दुसऱ्याचें जें दिसलें तें आपल्या घरच्या खुंटीवर टांगावयाचें आणि 'हें आमच्याकडे होतेंच' असें म्हणून मोकळें व्हावयाचें, ही संवय सोडली नाहीं तर परक्याकडून शिकण्यासारखें जगांत कांहींच उरावयाचें नाहीं. तिसऱ्या अभिप्रायाचा समाचार एवढा पुरे.

पाश्चात्त्य रसिकांस मात्र हें मोडणें सहन होईना. इतकें सुंदर चित्र आणि तें पुसून टाकावयाचें! ह्या बाबतींत हस्तीन क्लाह ह्या थोर मंत्रगायकाचा वृत्तांत विचार करण्यासारखा आहे. ते १८६७ सालीं जन्मले आणि १९३७ सालीं वारले. आपली विद्या पुढें चालविणारा कोणी उरेल कीं नाहीं ह्या चिंतेनें त्यांनीं तीं वाळूचीं चित्रें लोकरींत विणलीं. स्वजनांपैकीं अनेकांस तें भयंकर वाटलें. मेरी कॅबट व्हीलराइट ह्या धनिक बाईंच्या साहाय्यानें १९३७ सालीं सांता फे येथें एक संग्रहालय निघालें आणि पवित्र वस्तूंच्या पोटळ्या तेथें जाऊन राहिल्या. पण पोटळी कांचेमागें ठेविली म्हणजे ती टिकते, तिचें काम टिकत नाहीं. त्या संग्रहालयाची कीर्ति अशी कीं, त्यानें हें ओळखलें आणि १९७७ सालीं त्या पोटळ्या नवाहोंस परत दिल्या. संग्राहकांत असा सुज्ञपणा विरळा.

येथवर कोणी म्हणेल कीं, हा शब्दार्थाचा वाद झाला. 'होझो'स सौंदर्य म्हटलें काय आणि सुस्थिति म्हटलें काय, कोणाचें काय बिघडलें? बिघडलें तें आतां सांगतों.

१८६३-६४ मध्यें अमेरिकन सरकारच्या आज्ञेनें किट कार्सन यांनीं नवाहोंचीं शेतें जाळलीं व मेंढरें मारलीं. डि शे दरींतील त्यांच्या पीचच्या बागाहि तोडण्यांत आल्या. उपासमारीनें शरण आलेल्या लोकांस शेंकडों मैल पायीं चालवून न्यू मेक्सिकोच्या पूर्वभागांत बॉस्क रेडोंडो येथें नेऊन ठेविलें. आठ हजारांहून अधिक माणसें तेथें कोंडलीं गेलीं. पाणी खारट, पिकांस कीड, जळण नाहीं. चार वर्षांत कितीएक माणसें मेलीं. १८६८ च्या मे महिन्यांत जनरल शर्मन वाटाघाटीस आले. ह्या लोकांस आणखी पूर्वेस, आज जेथें ओक्लाहोमा आहे तेथें, पाठवावें असा विचार त्यांनीं पुढें ठेविला. तेव्हां नवाहोंच्या वतीनें बार्बोन्सितो बोलावयास उठले. त्यांनीं प्रारंभ कोठून केला? लढाईपासून नव्हे, अन्यायापासूनहि नव्हे. आमची उत्पत्ति झाली तेव्हां चार पर्वत आणि चार नद्या आम्हांस दाखविण्यांत आल्या आणि त्यांच्या आंत राहावें असें सांगण्यांत आलें, येथून त्यांनीं प्रारंभ केला. हें भाषण सरकारी दप्तरांत नमूद आहे. कित्येक लढाया जिंकलेल्या सेनापतीपुढें एका कैद झालेल्या लोकांचा पुढारी सृष्टिकथा सांगत उभा आहे, आणि १ जून १८६८ रोजीं तह होऊन ते लोक आपल्या पर्वतांकडे परत जातात! अमेरिकेंतील मूळच्या लोकांपैकीं किती थोड्यांच्या कपाळीं हें भाग्य आलें! शर्मन यांचें मन केवळ कथेनें द्रवलें असें आम्ही म्हणत नाहीं. कैद्यांस पोसण्याचा खर्चहि सरकारास जड झाला होता. परंतु कोठें जावयाचें हें त्या लोकांनीं ज्या ठामपणानें सांगितलें तो ठामपणा त्यांस त्या कथेनें दिला होता. ती कथा त्यांचें खरेदीखत होती आणि सीमेचा दगडहि तीच होती.

ह्यावर एक विद्वान् आक्षेप आहे आणि तो टाळण्याचा आमचा हेतु नाहीं. भाषाशास्त्र सांगतें कीं, नवाहो भाषेचे सख्खे भाऊबंद कॅनडा व अलास्का येथें आहेत. एडवर्ड सपीर यांनीं १९३६ सालीं त्या भाषेंतील शब्दांवरूनच तिच्या उत्तरेकडील मूळाचा पुरावा दिला. मग त्या चार पर्वतांमध्यें जमिनींतून वर आल्याची कथा खोटी नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, भाषा कोठून आली हा एक प्रश्न आणि लोक कोठें 'लोक' झाले हा दुसरा प्रश्न. उत्तरेकडून आलेल्या शिकाऱ्यांनीं ह्या भूमींत मका पेरावयास शिकून, मेंढरें पाळून, ह्याच डोंगरांस नांवें देऊन जो समाज बनविला तो नवाहो समाज होय, आणि कथा सांगते ती त्याच्या उत्पत्तीची. मक्याच्या कणसापासून मनुष्य झाला ह्या वाक्याचा अर्थ, मका नव्हता तोंवर आम्ही आम्ही नव्हतों, असा घेतला तर सपीर आणि मंत्रगायक ह्यांचें भांडण उरत नाहीं. अर्थात् ही जुळणी आमची आहे. तिची गरज आम्हांस भासते, मंत्रगायकास ती भासेलच असें नाहीं.

त्या चार पर्वतांपैकीं पश्चिमेचा पर्वत म्हणजे ॲरिझोनांतील सॅन फ्रान्सिस्को शिखरें. तेथून औषधी आणितात. चारही पर्वतांची माती एका पोटळींत बांधून ती मंगलविधींत वापरितात. ह्याच पर्वताच्या उतारावर बर्फावरून घसरण्याच्या खेळाची जागा आहे. बर्फ कमी पडूं लागलें तेव्हां तिच्या चालकांनीं फ्लॅगस्टाफ शहराच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून त्याचें कृत्रिम बर्फ डोंगरावर पसरण्याची परवानगी मागितली आणि सरकारच्या वनखात्यानें ती दिली. नवाहो, होपी आणि इतर जमाती न्यायालयांत गेल्या. २००७ सालीं अपील-न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. २००८ सालीं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें, आठ विरुद्ध तीन मतांनीं, तो फिरविला. बहुमताचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: एकहि झाड, झरा किंवा पूजास्थान नष्ट होत नाहीं, कोणास तेथें जाण्याची बंदी नाहीं, परिणाम होतो तो केवळ ह्या लोकांच्या मनांतील आध्यात्मिक अनुभवावर, आणि त्यानें त्यांच्या धर्माचरणावर कायद्याच्या अर्थानें भार पडत नाहीं. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण हातीं घेण्याचें नाकारिलें आणि २०१२ पासून तेथें मैलापाण्याचें बर्फ पडूं लागलें.

आतां आमच्या विदुषी वक्त्यांनीं शांतपणें विचार करावा. त्या म्हणाल्या, होझो ही एक हळुवार भावना आहे. न्यायालयहि तेंच म्हणालें! त्यांनीं प्रेमानें म्हटलें, न्यायालयानें निकालासाठीं म्हटलें. परंतु दोघांनीं एकच गोष्ट केली. जी वस्तु डोंगरांत, पाण्यांत, मातींत आहे असें ते लोक सांगतात ती दोघांनींहि उचलून त्यांच्या मनांत नेऊन ठेविली. आणि मनांतल्या वस्तूवर बर्फ टाकतां येत नाहीं, म्हणून डोंगरावर टाकण्यास हरकत उरली नाहीं. गोड अभिप्राय घातक म्हणून जें आम्ही वर म्हटलें तें ह्याच कारणानें. उर्मट मनुष्य निदान सांगतो कीं, तुमच्या कथेस मी किंमत देत नाहीं. रसिक मनुष्य कथेस भरपूर किंमत देतो, फक्त तिचा दावा तेवढा काढून घेतो.

दुसरें उदाहरण ह्याहून दारुण आहे. १९४४ पासून १९८६ पर्यंत नवाहोंच्या भूमींतून सुमारें तीन कोटि टन युरेनियमचें खनिज काढण्यांत आलें. खाणींत उतरणाऱ्या नवाहो मजुरांस धोक्याची कल्पना दिली गेली नाहीं. पुष्कळांस फुप्फुसाचे रोग झाले. पांचशेंहून अधिक सोडून दिलेल्या खाणी त्या प्रदेशांत आहेत. १६ जुलै १९७९ रोजीं न्यू मेक्सिकोंत चर्च रॉक येथें कारखान्याचा बांध फुटून हजार टनांहून अधिक किरणोत्सर्गी गाळ आणि नऊ कोटि गॅलनांहून अधिक दूषित पाणी प्वेर्को नदींत शिरलें. त्या नदीवर मेंढरें पाणी पीत होतीं. युरेनियमला नवाहो भाषेंत 'पिवळी माती' अशा अर्थाचें नांव आहे, आणि अलीकडे ते लोक अशी कथा सांगतात कीं, ह्या जगांत वर येतांना आमच्यापुढें दोन पिवळे चूर्ण ठेवण्यांत आले. एक मक्याचा पराग आणि दुसरी ही माती. आम्ही पराग निवडला, आणि माती जमिनींतच राहूं द्यावी असें आम्हांस बजावण्यांत आलें. ही जोड जुन्या ग्रंथांत नाहीं म्हणून कोणी पंडित नाक मुरडील. आम्हांस तर ह्यांतच त्या कथेच्या जिवंतपणाचा पुरावा दिसतो. दैत्यहंत्यानें मारले त्यानंतरहि राक्षस जन्मतात, त्यांस ओळखून नांव देणें हें कथेचें काम आहे, आणि तें ती अद्याप करीत आहे. २००५ सालीं नवाहो विधिमंडळानें आपल्या प्रदेशांत युरेनियम काढण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याच्या तीन वर्षें आधीं, २००२ सालीं, परंपरागत मूलभूत नियमांस त्याच विधिमंडळानें कायद्याची मान्यता दिली होती.

आम्ही नवाहोंस देव्हाऱ्यांत बसवूं इच्छित नाहीं. १९६० च्या दशकांत ब्लॅक मेसा डोंगराचा कोळसा काढण्याचे करार त्यांच्याच सभेच्या संमतीनें झाले. त्यावरून त्यांच्यांत फूट पडली आणि पाण्याचे झरे आटल्याची तक्रार त्यांच्याच माणसांनीं केली. 'सौंदर्यांतून चालणारे लोक' असें चित्र रंगविणाऱ्यास ही हकीकत अडचणीची वाटेल आणि तो ती लपवील. ज्यानें सृष्टिकथा पुरी वाचली आहे त्यास तिचें आश्चर्य वाटणार नाहीं. कोयोटी बाहेरचा नव्हता, तो बिऱ्हाडांतलाच होता. ज्या समाजानें स्वतःच्या उत्पत्तीची कथा आपल्याच चुकांपासून आरंभिली, त्यास निर्दोष ठरविण्याचा आग्रह आपण धरूं नये. तो त्याचा गौरव नसून त्याच्या कथेचा अपमान आहे.

शेवटीं दोन शब्द आमच्या घरच्या मंडळींशीं. कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद मराठींत फडके-खांडेकरांच्या काळापासून पुष्कळ रंगला आणि आम्हीहि तरुणपणीं त्यांत आवेशानें भाग घेतला. आज मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न तपासतां गृहीत धरिली होती: कला निराळी आणि जीवन निराळें, आणि मग एकास दुसऱ्याच्या सेवेस लावावें कीं नाहीं एवढाच प्रश्न. वाळूचें चित्र पुसणाऱ्या मंत्रगायकास हा प्रश्नच समजला नसता. त्यानें चित्र काढलें तें माणूस बरा व्हावा म्हणून, आणि तें रेखीव काढलें तेंहि माणूस बरा व्हावा म्हणूनच. रेघ चुकली तर उपचार चुकला. त्याच्यासारखे आपण व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें आपल्यास साधणार नाहीं आणि त्याची नक्कल करणें हा पुनः एक चोरीचाच प्रकार होईल. आमची विनंति फार लहान आहे. पुढील वेळीं ती प्रार्थना छापलेलें सुबक चित्र कोणी आपल्या हातीं दिलें तर, तें भिंतीवर लावण्यापूर्वीं, त्यांतला डोंगर कोणता आणि त्याच्यावर आज काय पडत आहे, एवढें विचारावें. आमच्या मंडळाची पुढची बैठक ह्याच महिन्यांत आहे. ह्या वेळीं आम्ही उठून बोलूं, असा निश्चय आम्हीं केला आहे.